उलटा हात

आमच्या घरात दिव्याचं बटण लाटण्याने दाबायची रीत होती. हे सांगितलं की लोक हसतात, आणि मी आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम करून पोट भरलं हे कळल्यावर तर जास्तच हसतात. विक्रोळीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत दाराशेजारी काळा लाकडी बोर्ड होता आणि त्याच्याखाली खिळ्याला सुतळीने बांधलेलं एक जुनं लाटणं लोंबत असे. भाकऱ्या-चपात्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. आई दोन पावलं लांब उभी राहून त्याच्या टोकाने बटण खाली पाडायची, दिवा लागला की हात जोडायची आणि मग चुलीकडे वळायची. माझ्या हाताला पाणी लागलेलं असेल आणि मी त्या भिंतीच्या बाजूने नुसती गेले तरी तिचा आवाज चढायचा. "बटणाक हात लावशीत तर हात मोडून ठेवीन हां, निमा!" बाबा हसायचे, पण लाटणं तेही वापरायचे.

त्याला कारण होतं. आमच्याच मजल्यावरच्या शेवंतामावशी एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. कपड्यांची तार लोखंडी, पत्र्याला बांधलेली, आणि पत्र्यावरून गेलेली कुणाची तरी वायर सोललेली. ओला परकर तारेवर टाकला आणि मावशी तिथेच राहिल्या. 'शॉक लागला' असं कुणी म्हटलं नाही. सगळे ओरडत होते, "चिकटली, चिकटली!" मी आईच्या मागे पदर धरून उभी होते. मला आठवतो तो मावशींचा हात, तारेवर आवळलेली मूठ. सोडायचं असूनही ती मूठ सुटत नव्हती. मावशी वाचल्या नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी झोपताना मुठी उघड्या ठेवून झोपायची.

अशा घरातली मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला कशी गेली, हे आता मलाही नवल वाटतं. मला शिवणकाम हवं होतं. ते भरलं होतं, आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुलींच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या. बाबा गिरणीत जॉबर होते. गिरणी गेल्यावर मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाले. आयुष्यात त्यांनी मला सल्ला असा एकदाच दिला. "गिरणी बंद पडली, पण वीज काय बंद पडायची नाही. घे तू." आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात वाढताना म्हणाली, "शिक. पण हात लावू नको." तिच्या दृष्टीने ते अगदी शक्य होतं.

आयटीआयत हात लावायची वेळ फारशी आलीही नाही. तिथले बोर्ड टेबलावर मांडलेले, सर शेजारी उभे. खरं शिक्षण सुरू होतं ते पुढे, अप्रेंटिस म्हणून कारखान्यात लागल्यावर. बाहेरच्या माणसाला हा प्रकार नीट कळत नाही, म्हणून सांगते. कारखाना मोठा असला की कामगारांच्या संख्येच्या हिशेबाने काही शिकाऊ मुलं घ्यावीच लागतात. तुम्ही त्यांचे नोकर नसता आणि विद्यार्थीही नसता. वर्षभर एका जुन्या कारागिराच्या हाताखाली काम करायचं, महिन्याला थोडं विद्यावेतन घ्यायचं, शेवटी परीक्षा द्यायची. पास झालात तर देशभर चालणारं सर्टिफिकेट मिळतं, पण त्याच कारखान्याने तुम्हाला ठेवून घ्यावं असं काही नसतं. काही मालक पोरांना फुकटचे हात समजून झाडू मारायला लावतात, काही मनापासून शिकवतात, आणि बरेचसे नुसते घाबरलेले असतात. परक्याचं पोर आपल्या छपराखाली भाजलं तर काय, ही भीती त्यांनाही असते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या कारखान्यात घाबरणारी मी एकटीच.

आमचा कारखाना भांडुपला होता, पत्र्याचे डबे करायचा. दिवसभर पत्रा दाबणारे प्रेस धाडधाड आदळत आणि बोलणाऱ्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यावं लागे. आम्ही दोघं शिकाऊ होतो, मी आणि मालाडचा दिलीप. दिलीप म्हणजे अंगात वारं भरलेला मुलगा. शर्टची वरची बटणं उघडी, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक गोष्टीला "टेन्शन नको घेऊ यार, झकास होणार." पहिल्या दिवशी फोरमन सावंतसाहेबांनी आम्हाला दोघांना समोर उभं केलं. "एक गोष्ट आत्ताच सांगा. कुणाला करंटची भीती वाटते?" दिलीप हसला. मी मानेनेच नाही म्हटलं. "वाटत असेल तर लाजू नका. स्टोअरमध्ये बसवतो. बल्ब मोजा, वर्ष काढा, घरी जा. भित्रा माणूस मला पॅनेलवर नको. तो स्वतः मरतो आणि मला घेऊन मरतो." स्टोअरमध्ये वर्ष काढलेल्या मुलाला परीक्षेत मोटरचा साधा स्टार्टर जोडता येत नाही, हे आयटीआयत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे माझी भीती ज्या दिवशी सावंतसाहेबांना दिसेल, त्या दिवशी माझं शिक्षण संपणार होतं. मी हात पाठीमागे घेतले, कारण तळवे घामाने ओले झाले होते.

ते सगळे महिने मी भीती लपवत काढले. एखाद्याने व्यसन लपवावं तसं. तळव्यांना पावडर लावायची, पॅनेलचं, म्हणजे विजेच्या लोखंडी कपाटाचं, दार उघडायचं झालं की उगाच गुणगुणायचं. पॅनेलमधून एक गुंऽऽ असा बारीक आवाज येतो. बाकीच्यांना तो ऐकू येत नाही, मला घरी जेवतानासुद्धा ऐकू यायचा. माझे गुरू होते फ्रान्सिसकाका. मरोळच्या गावठाणातले, पांढऱ्या मिशांचे, हाडकुळे. सोमवारी डब्यातून रविवारचे उरलेले फुगे, त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आणायचे आणि बाटली मसाल्यातल्या कोलंबीचा रस्सा मला आणि दिलीपला वाढायचे. मी त्यांना आईची सुकटाची चटणी द्यायची. शिकवताना बोलायचे कमी. पहिला धडा होता उलट्या हाताचा. "पोरी, करंट हात आवलतो. तलवा लावलास का मूठ मिटली, मंग सुटायची नाय. म्हनून कशाला पन हात लावायचा तर उलटा लावायचा. झटका बसला का हात आपल्याच अंगावर येतो." ते हे सांगत असताना मला गॅलरीतली तार दिसत होती.

दुसरा धडा दिव्याचा. होल्डरमध्ये एक साधा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. एक टोक पॅनेलच्या लोखंडाला धरायचं, दुसरं ज्याला हात लावायचाय त्या तांब्याच्या पट्टीला. बल्ब पेटला तर लाईन आहे. उलटा हात नंतर, आधी दिवा. आता माझ्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टचं काम करायला येणारी पोरं खिशातून पेनासारखी काहीतरी वस्तू काढतात, ती पीप पीप करते. चांगलीच असेल. पण बल्ब पेटला की तो डोळ्यांत घुसतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. मी तो दिवा इतक्यांदा लावून बघायची की दिलीप मला 'दिवाळी' म्हणायला लागला. एकदा लावून झाल्यावर मी परत लावायची, कुणी बघत नसेल तर तिसऱ्यांदाही. सावंतसाहेबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ही पूजा किती वेळ चालणार?" तेव्हापासून मी दिवा चोरून लावू लागले.

आणि मग तो दिवस आला. प्रेस खात्याच्या मोठ्या पॅनेलमध्ये आतल्या तांब्याच्या पट्टीचा एक जोड जळत होता, वास येत होता. तो उघडून घासून परत आवळायचा होता. त्या पॅनेलची लाईन अंगणापलीकडच्या सबस्टेशनातून यायची आणि तिथला ब्रेकर, म्हणजे मोठा खटका, पाडून लाईन तोडल्याशिवाय हात घालणं शक्य नव्हतं. सकाळी ब्रेकर पाडला, काकांनी स्वतः दिवा लावून बघितला, काम अर्धं झालं. जेवणाच्या सुट्टीत भट्टीसाठी लाईन थोडा वेळ परत सोडली. सुट्टी संपल्यावर ती पुन्हा पाडायची, असं सबस्टेशनात बसलेल्या नव्या इंजिनियरशी ठरलं होतं. पॅनेलवरचे लाल दिवे कधीचेच गेलेले, मशिनं आमच्या बाजूने बंद, म्हणजे नुसतं बघून काही कळायचा मार्ग नव्हता. शेजारच्या खात्यातले प्रेस आदळत होते. काकांनी दिलीपला खांबावरच्या फोनवर विचारायला पाठवलं.

दिलीपने एका कानात बोट घालून फोन ऐकला. मग आमच्याकडे वळून अंगठा वर केला आणि ओरडला, "अजून बंदच आहे, काका!"

सुट्टी संपताच पाडली असेल आणि अजून बंदच आहे, हे ऐकायला किती सरळ वाटतं. काकांनी मान डोलवली, बाही वर केली. मी त्यांच्या शेजारी स्टुलावरची हत्यारं धरून उभी होते. दिवा माझ्या पायाशी पिशवीत होता. सावंतसाहेब मागे उभे, हात कमरेवर, प्रेस किती वेळ उभे आहेत याचा हिशेब चेहऱ्यावर. आणि मला तो आवाज ऐकू येत होता. गुंऽऽ. रोजच येतो, मी स्वतःला म्हटलं. तुला काय, घरी जेवतानाही येतो. काकांनी हात उलटा केला आणि आत न्यायला लागले.

मी त्यांचं मनगट धरलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, आणि निघालं ते सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "काका, मला भीती वाटते!"

हात थांबला. सावंतसाहेब म्हणाले, "काय म्हणालीस?" आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "भीती वाटते. एकदा दिवा लावू दे." दिलीप लांबून हसला. काका हसले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला आणि बाजूला सरकले. मी पिशवीतून दिवा काढला, एक टोक लोखंडाला धरलं. दुसरं टोक पट्टीवरून दोनदा घसरलं. मग ते लागलं.

बल्ब पेटला. भर दुपारी, पिवळा, लखलखीत. त्याच्या उजेडात काकांच्या मिशांचा एक एक केस दिसत होता. काका आपल्या उलट्या हाताकडे बघत होते, आणि मग तिथेच, तेलाच्या डागांवर, खाली बसले.

झालं काय होतं ते नंतर उलगडलं. इंजिनियर फोनवर म्हणाला होता, "अजून क्लोज आहे, पाच मिनिटं थांबा." आमच्या पुस्तकात ब्रेकर क्लोज म्हणजे जोडलेला, म्हणजे लाईन चालू. ओपन म्हणजे तुटलेला, म्हणजे लाईन बंद. दिलीप हे परीक्षेत लिहून आला होता. पण प्रेसच्या गोंधळात अर्धं वाक्य कानावर पडलं आणि घाईत त्याने क्लोजचं मराठी केलं. क्लोज म्हणजे बंद. दुकान क्लोज म्हणजे दुकान बंद. त्याला कोण दोष देणार? तो मुलगा बाहेर जाऊन ओकला. त्यानंतर त्याने मला कधी 'दिवाळी' म्हटलं नाही.

मला वाटलं, आता निदान सावंतसाहेब काहीतरी चांगलं बोलतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्टोअरमध्ये पाठवलं. "तूच म्हणालीस भीती वाटते. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं." माझ्याकडे न बघता बोलले. आता मला कळतं, रात्रभर त्यांना झोप लागली नसणार. त्या पॅनेलसमोर काकांच्या जागी त्यांना मी दिसत असणार, परक्याची पोर. मला जाळीच्या दाराआड ठेवलं की त्यांचा जीव भांड्यात पडत होता. पण तेव्हा मला फक्त अन्याय दिसला. आणि खरं सांगू? त्याच्याखाली आनंदही होता. स्टोअरमध्ये गुंऽऽ नव्हता. बल्बांच्या खोक्यांना पुठ्ठ्याचा वास येत होता. इथे मला कुणी मारणार नव्हतं. मी बल्ब मोजत बसले आणि मला स्वतःची शरम वाटली.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "हात आज एवढे स्वच्छ कशे गो?" मी म्हटलं, साबण लावला. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

पॅनेलचा जोड अजून अर्धाच होता. पुढच्या दिवशी ब्रेकर पाडला, या वेळी सावंतसाहेब स्वतः सबस्टेशनात जाऊन बघून आले. काका पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसले आणि हात काही घालेनात. हे मला दिलीपने नंतर सांगितलं, नक्कल करून. साहेब म्हणाले, "काका, मी माझ्या डोळ्यांनी ब्रेकर पाहिलाय." "बरा केलास." "मग घाला की हात!" "ती पोरगी कुठं हाय?" "स्टोअरमध्ये. ती घाबरते." "तीच पायजेल. ती नाय तवर मी हात घालनार नाय." "प्रेस उभे आहेत, काका!" "उभे र्‍हाऊ दे." साहेब चिडून म्हणाले, इतकी वर्षं एकट्याने काम केलंत, आता काय झालं? काका म्हणाले, "इतकी वर्सं नशीब होता. आता म्हातारा झालो, मला नशीब नको, ती पोरगी पायजेल."

सावंतसाहेब स्टोअरच्या जाळीशी आले. "चल," एवढंच म्हणाले. मी उठले नाही. आत राहायची परवानगी मागावी असं अगदी जिभेवर आलं होतं. परत तो आवाज, परत ती पट्टी. मग मला तेलाच्या डागांवर बसलेले काका आठवले आणि मी फळीवरून एक नवा बल्ब उचलला. पॅनेलजवळ गेले, दिवा लावून बघितला. पेटला नाही. जागा बदलून परत बघितला, सगळ्यांसमोर, चोरून नव्हे. मग काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भीती वाटते काय गो?" मी म्हटलं, "नाही." ते उठले, उलटा हात पट्टीला लावला, आणि कामाला लागले.

तेव्हापासून ती रीत पडली. काम कुठलंही असो, हात घालण्याआधी काका विचारायचे, "भीती वाटते काय गो?" आणि दिवा बघितल्याशिवाय मी 'नाही' म्हणत नसे. आमच्या खात्यात बंद, चालू, ओपन, क्लोज हे शब्दच काकांनी हद्दपार केले. लाईन जिवंत किंवा लाईन मेलेली, बस. सावंतसाहेबसुद्धा फोनवर ओरडून विचारायचे, "मेली का?" या शब्दांनीच माझं बिंग घरी फुटलं. एका रविवारी दुपारी मी झोपेत बडबडले, "मेली का? नीट बघ. मेली असली तरच हात घाल." डोळे उघडले तर आई छातीवर हात ठेवून उभी. "कोण मेली गो?" मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. बल्ब कसा पेटला तेही.

आता ही मला घरी बसवणार, याची मला खात्री होती. ती खूप वेळ गॅलरीच्या दाराकडे, तारेकडे बघत बसली. सोमवारी सकाळी डब्याची पिशवी जड लागली म्हणून उघडली, तर डब्याशेजारी लाटणं, सुतळीसकट. "घेवन जा," आई म्हणाली. "आणि घरात ग?" मी विचारलं. ती बोर्डाकडे गेली, हात पदराला कोरडे पुसले, डोळे मिटले, आणि बोट उलटं करून, नखाच्या बाजूने, बटण खाली पाडलं. उलट्या हाताचं तिला मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवा लागल्यावर तिने डोळे उघडले. नमस्कार करायला विसरली. ते लाटणं काकांनी पॅनेलच्या दाराला टांगलं, आणि कुणीही त्यावर विनोद केला नाही.

परीक्षा झाली, मी पास झाले, दिलीपही झाला. कारखान्याने दोघांनाही ठेवलं नाही. पुढे मालाडला नोकरी मिळाली, मग दुसरीकडे, आणि हळूहळू माझ्याच हाताखाली शिकाऊ मुलं यायला लागली. ज्याला भीती वाटत नाही असा मुलगा आला की मी त्याच्यापासून डोळे हटवत नसे.

काका रिटायर झाल्यावर मी नाताळला मरोळला जायची. आमचं शेवटचं बोलणं झालं ते अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये. हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती, आणि खाटेशेजारच्या मशिनमधून तोच बारीक आवाज येत होता. ते डोळे मिटून पडले होते. मी वाकून विचारलं, "काका, भीती वाटते काय?"

त्यांनी डोळे उघडले. "वाटते गो. दिवा लावून बघितलास काय?"

माझ्याकडे दिवा नव्हता. मी हात उलटा केला आणि त्यांच्या हाताला लावला. ऊन होता. "जिवंत आहे, काका," मी म्हटलं.

"मंग त्या डॉक्टरला सांग," ते म्हणाले, "हात घालू नको." आणि मिशांतल्या मिशांत हसले. तेवढ्यात त्यांना न्यायला माणसं आली. मी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत बरोबर चालत गेले. दार मिटलं, वरचा लाल दिवा पेटला, आणि मी त्याच्याकडे बघत बाकावर बसून राहिले, दोन्ही मुठी उघड्या ठेवून.